व्हायब्राफोन, गिटार आणि ‘पहिलेपणा’चे ओझे

गॅरी बर्टन या व्हायब्राफोनवादकाच्या ‘डस्टर’ या ध्वनिमुद्रिकेचे नाव जॅझच्या इतिहासांत सहसा एखाद्या वाक्यापुरते येते. १९६७ साली निघालेली ही जॅझ-फ्यूजनची पहिली, किंवा पहिल्या काहींपैकी एक, ध्वनिमुद्रिका. पुढच्याच वाक्यात माइल्स डेव्हिस येतो, १९७० साली बाजारात आलेली ‘बिचेस ब्रू’ येते, आणि ‘डस्टर’ मागे पडते ती कायमची. नाटकाचा पडदा ओढणाऱ्याचे नाव श्रेयनामावलीत असते, पण त्याचे काम पाहायला कुणी तिकीट काढत नाही. ‘डस्टर’चे तसेच काहीसे झाले आहे. या लेखाचा हेतू तिला पहिलेपणाचा मान मिळवून देण्याचा नाही. तो मान तिला बऱ्यापैकी मिळालेला आहे, आणि माझ्या मते त्यानेच तिचे नुकसान केले आहे.

पहिलेपणाचा दावा तसा फार टिकणाराही नाही. या चौकडीतला गिटारवादक लॅरी कोरिएल त्याआधीच ‘फ्री स्पिरिट्स’ या गटात रॉकच्या ठेक्यावर जॅझ वाजवत होता. १९६६ सालच्या चिको हॅमिल्टनच्या ‘द डीलर’मध्येही तोच गिटारवर आहे. खुद्द बर्टनने ‘डस्टर’च्या आधी नॅशव्हिलमध्ये जाऊन तिथल्या कंट्री संगीताच्या वादकांबरोबर ‘टेनेसी फायरबर्ड’ ही ध्वनिमुद्रिका केली होती. सनावळीच्या शर्यतीत कोण कुठे, हे ठरवण्याचे काम ज्यांना आवडते त्यांनी करावे. मला रस आहे तो एका साध्या प्रश्नात. दोन परंपरांची माणसे एकत्र बसली म्हणजे संगीत एकत्र होते का? आपल्याकडे हा प्रश्न रोजचा आहे. दिवाळी पहाटेपासून कॉर्पोरेट समारंभापर्यंत कुठेही ‘फ्यूजन’ ऐकायला मिळते. पंधरा मिनिटे राग, मग ड्रम्स आणि तबल्याचे सवाल-जवाब, शेवटी सगळे मिळून तिहाई आणि टाळ्या. शास्त्रीय संगीताचा जाणता श्रोता हा शब्द शिवीसारखा वापरतो, आयोजक तो जाहिरातीसारखा वापरतो. दोघांच्याही हातात या शब्दाचा अर्थ उरलेला नाही. तो पुन्हा मिळवायचा, तर हा शब्द चलनात येण्याच्या सुमारास केलेले काम कान देऊन ऐकावे लागेल.

आधी वाद्याविषयी सांगितले पाहिजे, कारण सगळा मामला त्या वाद्याच्या स्वभावाशी निगडित आहे. व्हायब्राफोन म्हणजे पियानोच्या पट्ट्यांच्या रचनेत मांडलेल्या धातूच्या पट्ट्या. साधारण तीन सप्तके. प्रत्येक पट्टीखाली एक नळी, तीत नाद घुमतो. नळीच्या तोंडाशी एक चकती असते आणि विजेच्या मोटरने ती फिरते. चकती फिरली की नळीचे तोंड उघडझाप होते आणि स्वर थरथरतो. पायाशी एक पेडल असते. ते दाबले की पट्ट्या मोकळ्या वाजत राहतात, सोडले की लांबलचक गादी पट्ट्यांना टेकते आणि आवाज थांबतो. वादकाच्या हातात टोकाला धागा गुंडाळलेल्या काठ्या. गेल्या शतकाच्या विसाव्या दशकात अमेरिकेत हे वाद्य घडले, १९३० साली लुई आर्मस्ट्राँगच्या बरोबर वाजवताना लायनेल हॅम्प्टनने ते जॅझमध्ये आणले, आणि पुढे मिल्ट जॅक्सनने मोटरची गती मंद करून त्यातून गाण्यासारखा लांब, ओलसर स्वर काढला. आपल्या कानाला हा आवाज अगदी परका नाही. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटगीतांच्या वाद्यमेळात तो ठिकठिकाणी आहे. फक्त तिथे तो बहुतेक वेळा चांदणे, स्वप्न किंवा लाजरी नायिका दाखवण्यापुरता येतो. दोन-चार स्वर टपटपले की काम झाले.

मराठी वाचकाला हे वाद्य समजावून देताना जलतरंगाची आठवण होणे स्वाभाविक आहे, पण खरी तुलना संतूरशी करावी असे मला वाटते. दोन्ही काठ्यांनी छेडण्याची वाद्ये. दोन्हींत स्वर आधीच लावून ठेवलेले, त्यामुळे मींड सहज शक्य नाही. मात्र दोघांच्या अडचणी एकमेकींच्या उलट आहेत. संतूरचा स्वर लवकर विरतो. तो टिकवायचा कसा, आलापीत श्वास कसा आणायचा, हा शिवकुमार शर्मा यांच्यापुढचा प्रश्न होता, आणि कलम तारेवर हलकेच घरंगळवून सलग नाद काढण्याची युक्ती त्यांनी त्यातून घडवली. व्हायब्राफोनचा स्वर उलट संपतच नाही. पेडल दाबले की सगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात, सोडले की सगळेच एकदम मरतात. बर्टनने जे शोधले ते थांबवण्याचे तंत्र. एका काठीने पुढचा स्वर वाजवायचा आणि त्याच क्षणी दुसऱ्या काठीचे टोक किंवा हात आधीच्या पट्टीवर टेकवून तेवढाच एक स्वर बंद करायचा. म्हणजे चार स्वर घुमत असताना त्यांतला नेमका एक काढून घेता येतो. चार काठ्या धरण्याची त्याची पकडही पुढे त्याच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. चार काठ्या त्याच्याआधीही धरल्या जात होत्या. पण त्याने हे वाद्य जवळजवळ पियानोसारखे करून टाकले, आणि यात बिल एव्हान्स या पियानोवादकाच्या वादनाचा त्याच्यावरचा प्रभाव उघड दिसतो. आणखी एक गोष्ट त्याने केली. ती फिरणारी चकती, तो थरथराट, ज्यावरून वाद्याचे नावच पडले, तो वापरणे त्याने जवळजवळ सोडून दिले. स्वर स्वच्छ, सरळ, काचेसारखा.

बर्टनचा जन्म १९४३चा, इंडियाना राज्यातल्या अँडरसन या गावातला. लहानपणी थोडेसे शिक्षण मिळाले, पुढचे बरेचसे त्याने आपले आपण शिकून घेतले. (स्वयंशिक्षित माणसांविषयी मला अंमळ जास्त आपुलकी आहे, हे वाचकाने गृहीत धरावे आणि तेवढी सूट वजा करावी.) सतराव्या वर्षी तो नॅशव्हिलमध्ये हँक गार्लंड या गिटारवादकाबरोबर ध्वनिमुद्रण करत होता. १९६३ साली तो जॉर्ज शियरिंग या पियानोवादकाच्या पंचकात गेला आणि १९६४ ते १९६६ स्टॅन गेट्झबरोबर होता. या दोन नोकऱ्या महत्त्वाच्या आहेत. शियरिंगच्या गटाची ओळख असलेला जो नाद होता, त्यात पियानो, व्हायब्राफोन आणि गिटार एकच सुरावट एकत्र वाजवत. व्हायब्राफोन वर, गिटार सप्तकभर खाली, मध्ये पियानोचे स्वरगुच्छ. तीन वाद्ये एका कुलुपात. ऐकायला अतिशय गोड, पण त्यातल्या कुणाला स्वतंत्र हालचाल नाही. त्यानंतर चार वर्षांनी बर्टनने आपली चौकडी बांधली तेव्हा तीच दोन वाद्ये, व्हायब्राफोन आणि गिटार, घेतली आणि पियानो काढून टाकला. कुलूप उघडले. ‘डस्टर’ समजून घ्यायला मला रॉकपेक्षा ही गोष्ट अधिक उपयोगी वाटते.

चौकडीतले बाकीचे दोघे गेट्झच्या गटातले त्याचे सहकारी. बासवर स्टीव्ह स्वॉलो आणि ड्रम्सवर रॉय हेन्स. एप्रिल १९६७मध्ये न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रण झाले तेव्हा बर्टन आणि कोरिएल दोघेही चोवीस वर्षांचे होते, स्वॉलो सव्वीसचा. हेन्स बेचाळीस वर्षांचा. चार्ली पार्कर, लेस्टर यंग, थेलोनियस मंक यांच्याबरोबर वाजवून झालेला माणूस. १९५३ ते १९५८ अशी पाच वर्षे तो सारा व्हॉन या गायिकेच्या साथीला होता. साथ म्हणजे काय हे ज्याला कळते अशा माणसाला पोरांच्या टोळीत आणून बसवणे, हा बर्टनचा या ध्वनिमुद्रिकेतला सर्वांत शहाणा निर्णय. कुणी तरुण रॉक ड्रमर घेतला असता तर सगळे जुळवणे सोपे झाले असते, आणि ध्वनिमुद्रिका आज जुनाट वाटली असती. हेन्स रॉकचा ठेका देतच नाही. तो कोरिएलचे वाक्य ऐकतो, त्याच्या मध्येच स्नेअरवर एक कडक शब्द टाकतो, आणि पुन्हा बाजूला होतो. ठेका सतत हलता राहतो, तरी समेची जागा कधी हरवत नाही. आपल्याकडच्या चांगल्या तबलजीला ऐकताना जे सुख मिळते, त्याच जातीचे हे सुख आहे.

‘डस्टर’ म्हटल्यावर आपल्याला शाळेतला फळा आठवतो. अमेरिकेत घोडेस्वार धूळ अंगावर येऊ नये म्हणून घालतात त्या लांब कोटालाही डस्टर म्हणतात. इथे आठ रचना आहेत. त्यांपैकी तीन माइक गिब्जच्या, दोन स्वॉलोच्या, एक कार्ला ब्ले हिची. गिब्ज मूळचा तेव्हाच्या ऱ्होडेशियातल्या सॅलिसबरीचा, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या हरारेचा. बोस्टनच्या बर्कली संस्थेत शिकलेला. चौकडीचा नायक स्वतः रचनाकार म्हणून मागे राहतो आणि इतरांच्या रचना निवडतो, हे तेव्हाही विशेष होते. बर्टनची निवड हीच त्याची रचना, असे म्हणायला हरकत नाही.

सुरुवातीची ‘बॅले’ ऐकली की पहिल्यांदा जाणवते ती जागा. चार माणसे वाजवताहेत आणि तरी खोलीत हवा खेळते आहे. व्हायब्राफोन आणि गिटार, दोन्ही स्वरगुच्छ वाजवू शकणारी वाद्ये, दोघांचा पल्ला साधारण एकाच टापूतला. दोघांनी एकदम गुच्छ वाजवले तर गर्दी ठरलेली. ही गर्दी टाळण्यासाठी दोघांना सवयी मोडाव्या लागल्या. बर्टन कोरिएलच्या मागे दोन-दोन स्वरांनी इशारा देतो आणि हात उचलतो. कोरिएल बर्टनच्या मागे पुष्कळदा काहीच वाजवत नाही, आणि वाजवतो तेव्हा एखादी तार ओढून सोडतो. टेक्सासमध्ये जन्मलेला, वॉशिंग्टन राज्यात वाढलेला हा पोरगा ब्लूज, कंट्री आणि रॉक ऐकत मोठा झालेला होता. त्याच्या गिटारचा स्वर जॅझच्या गिटारसारखा गोलसर नाही. त्याला धार आहे, किंचित धूळ आहे, आणि मुख्य म्हणजे तो वाकतो.

इथे मला पेटीच्या वादाची आठवण होते. हार्मोनियम आपल्या संगीताला चालते की नाही यावर आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाद झाला. आक्षेप एकच होता, स्वर बांधलेले, मींड नाही. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंतांनी उत्तर वादाने दिले नाही, वाजवून दिले. व्हायब्राफोनही बांधलेल्या स्वरांचा. शेजारी वाकणारी गिटार आली की त्याची मर्यादा उघडी पडायला हवी होती. ‘डस्टर’मध्ये घडते ते वेगळेच. कार्ला ब्लेच्या ‘सिंग मी सॉफ्टली ऑफ द ब्लूज’मध्ये कोरिएल एकेक स्वर तारेवर ओढत खाली-वर नेतो, त्याच्या भोवती बर्टनचे स्थिर, सरळ, न थरथरणारे स्वर उभे असतात, आणि त्या स्थिरतेमुळेच ओढलेल्या स्वराचे अंतर कानाला मोजता येते. तंबोऱ्यावाचून मींड जशी अधांतरी वाटते, तशी इथे व्हायब्राफोनवाचून ही गिटार अधांतरी वाटली असती. मोटर बंद ठेवण्याच्या निर्णयाचे मोल इथे समजते. वाद्य स्वतःच थरथरत असते तर दुसऱ्याचे कंपन ऐकू कसे आले असते?

ही रचना दोन वर्षे आधी आर्ट फार्मरच्या गटाने वाजवली होती, तीही स्वॉलोच्याच बासवर. ‘स्वीट रेन’ ही गिब्जची रचनाही ‘डस्टर’च्या अवघे काही आठवडे आधी स्टॅन गेट्झने ध्वनिमुद्रित केली होती. नवा गट जुन्या मालकाच्या नव्या ध्वनिमुद्रिकेतली रचना घेतो, तेव्हा तुलना होणारच. गेट्झची आवृत्ती श्वासाने भरलेली आहे. सॅक्सोफोनला श्वास असतो, तो दुःख लांबवू शकतो. बर्टनच्या हातात तीच रचना थंड आहे, पाऊस थांबल्यावर पागोळ्या गळाव्यात तशी. मला गेट्झची अधिक आवडते, हे सांगून टाकावे. पण बर्टनच्या आवृत्तीत रचनेचा सांगाडा, तिचे विचित्र वळणारे स्वरगुच्छ, स्पष्ट दिसतात. गिब्ज किती चांगला रचनाकार होता हे कळते ते इथे.

स्वॉलोच्या दोन रचनांपैकी ‘पोर्ट्समथ फिगरेशन्स’ ही वेगाची, आणि त्या वेगातच संपून जाणारी. दुसरी, ‘जनरल मोजोज वेल लेड प्लॅन’, हा माझ्या लेखी या ध्वनिमुद्रिकेचा गाभा. तिच्या चालीत एक गावरान साधेपणा आहे, कुणीतरी कुंपणावर बसून गुणगुणावे असा. जॅझची झुलती लय इथे बरीचशी सरळ होते, समान अंतरांची होते. कंट्री आणि रॉकचा जर कुठे खरा प्रवेश झाला असेल तर तो इथे, तालाच्या या सरळ होण्यात. ‘टेनेसी फायरबर्ड’मध्ये नॅशव्हिलचे उत्तमोत्तम वादक होते, स्टील गिटार होती, माउथ ऑर्गन होता, आणि तरी ती ध्वनिमुद्रिका बरीचशी पाहुणचारासारखी वाटते. तुम्ही तुमचे वाजवा, आम्ही आमचे वाजवतो, मध्ये हसतमुखाने भेटू. ‘डस्टर’मध्ये नॅशव्हिलचा एकही वादक नाही आणि कंट्री संगीत मात्र जॅझवाल्यांच्या मनगटात उतरलेले आहे. दोन ध्वनिमुद्रिकांमध्ये अंतर थोडक्याच काळाचे.

‘वन, टू, १-२-३-४’विषयी माझे मत प्रचलित मताच्या उलट आहे. फ्यूजनचा पुरावा म्हणून सगळे याच तुकड्याकडे बोट दाखवतात, कारण इथे कोरिएलची गिटार किंचाळते, ध्वनिवर्धकाचा प्रतिध्वनी वापरते, आणि बांधीव चाल सोडून सगळे मुक्तपणे वाजवतात. १९६७ साली हे ऐकून माणसे दचकली असतील यात शंका नाही. आज ऐकताना मात्र त्यात प्रात्यक्षिकाचा भाग अधिक वाटतो. बघा, आम्हांला हेही येते. बर्टन इथे काहीसा पाहुणा आहे. ज्या तुकड्यामुळे ध्वनिमुद्रिका इतिहासात गेली तोच तिच्यातला सर्वांत कमी टिकलेला, असे पुष्कळ कलाकृतींच्या बाबतीत होते.

त्याच उन्हाळ्यात ही चौकडी सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहात क्रीम या रॉक गटाबरोबर एकाच कार्यक्रमात वाजली. केस वाढले, सूट गेले. १९६८ साली ‘डाउन बीट’ मासिकाने बर्टनला वर्षाचा जॅझवादक ठरवले. तोवर इतक्या लहान वयात तो मान कुणाला मिळालेला नव्हता. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की जॅझ रॉकच्या मागे लागले. पण आवाजाकडे लक्ष दिले तर चित्र वेगळे दिसते. ‘डस्टर’वर विजेच्या तारेला जोडलेले वाद्य एकच, गिटार. बास जुना, लाकडाचा, उभा. व्हायब्राफोनला मोटर असते, पण तिचे काम बर्टनने काढून घेतलेले. पुढे सत्तरच्या दशकात फ्यूजन म्हणून जे बोकाळले, त्यात प्रत्येक वाद्य विजेवर आले आणि वेगवान बोटांची सर्कस सुरू झाली, त्याच्याशी या ध्वनिमुद्रिकेचे नाते फार दूरचे आहे. तिला त्या सगळ्याची आई म्हणणे म्हणजे शांत स्वभावाच्या बाईला गावभर भांडत फिरणाऱ्या मुलांवरून ओळखण्यासारखे.

आता एक योगायोग. १९६७च्याच सुमारास आपल्याकडे ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका झाली. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, गिटारवर ब्रिजभूषण काबरा आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काठ्यांनी वाजणारे एक वाद्य आणि तारेवर सरकणारी एक गिटार. या दोन्ही वाद्यांना हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत तेव्हा पुरते नागरिकत्व मिळालेले नव्हते. संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतातून आलेले, गिटार तर समुद्रापलीकडून. एकमेकांची नावे न ऐकलेल्या दोन गटांत काही कार्यकारण जोडावे असे मी म्हणत नाही. पण जोडी लक्षात घेण्यासारखी आहे, कारण ‘कॉल ऑफ द व्हॅली’ला कुणी फ्यूजन म्हणत नाही. काबरा यांची गिटार मींड घेते म्हणून ती आपली झाली, संतूरने आपला तुटकपणा सोडला म्हणून ते आपले झाले. दोन्ही वाद्यांनी आपल्या हाताच्या सवयी बदलल्या. फ्यूजन झाले की नाही, हे ओळखायची माझी कसोटी एवढीच आहे. कुणाची सवय बदलली? सवाल-जवाबात ड्रमवाला ड्रमवाल्यासारखा आणि तबलजी तबलजीसारखा वाजवून घरी जात असेल, तर ती शेजारणींची भेट झाली. ‘डस्टर’वर या कसोटीने पाहिले तर बर्टनने हात उचलायला शिकून घेतले, कोरिएलने गप्प बसायला, आणि बेचाळिशीतल्या हेन्सने सरळ लयीच्या कडेकडेने चालायला.

कोरिएल १९६८मध्ये गट सोडून गेला. बर्टनच्या गटातली गिटारची खुर्ची मात्र कायम राहिली. १९७४ साली तीवर पॅट मेथिनी नावाचा तरुण येऊन बसला, कितीतरी वर्षांनी ज्युलियन लाज. कोरिएलचा पुढे आपल्या संगीताशी खरा संबंध आला. एल. सुब्रमण्यम यांच्याबरोबर तो वाजला, आणि ‘बॉम्बे जॅझ’ या चौकडीत बासरीवर रोणू मजुमदार, सॅक्सोफोनवर जॉर्ज ब्रूक्स आणि तबल्यावर पुण्याचे विजय घाटे यांच्या सोबतीला बसला. तिथेही जिथे तो कमी वाजवतो तिथे बासरीला वाट मिळते, आणि ज्या जागी जुन्या सवयीने बोटे धावतात तिथे ती बुजते.

फेब्रुवारी २०१७मध्ये कोरिएल न्यूयॉर्कमध्ये वारला. त्याच वर्षी बर्टनने जाहीर वादनातून निवृत्ती घेतली. हेन्स मात्र २०२४च्या नोव्हेंबरपर्यंत, नव्व्याण्णव वर्षे जगला. स्वॉलोने १९७०च्या सुमारास उभा लाकडी बास खाली ठेवला आणि विजेचा बास घेतला, तो कायमचाच. त्यामुळे त्याच्या लाकडी बासचा आवाज ज्या ध्वनिमुद्रणांत जपला गेला आहे, त्यांत ‘डस्टर’ येते. गिटारवरून कान काढून, खालून चाललेला तो बास पकडून ही ध्वनिमुद्रिका एकदा ऐकावी.